वाघमारे बाईंची पहिली

कुणी आपलं नाव सांगितलं की वाघमारे बाई लगेच पुढचं बोलत नसत. आधी ते नाव ओठातल्या ओठात म्हणून बघायच्या आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायच्या. नवख्याला वाटायचं, बाई जप करतायत. खरं तर त्या नावातले आवाज मोजत असायच्या. तलाठी असो, दूधवाला असो की जिल्ह्याहून आलेला साहेब असो, एकदा मोजलेलं नाव त्या विसरत नसत.

माझंही त्यांनी मोजलं होतं. मी निलंग्याची. वडिलांचं तिथं भुसार मालाचं दुकान. घरात कपाळाला विभूती, गळ्यात लिंग आणि आपण गावातल्या चार लोकांपेक्षा शुद्ध बोलतो याचा सगळ्यांनाच अभिमान. डी.एड. झाल्यावर मी बाहेरून मराठीत एम.ए. केलं होतं. सव्विसाव्या वर्षी पहिली नेमणूक मिळाली ती लोहा तालुक्यातल्या एका गावी. गावाचं नाव इथं लिहीत नाही. तिथल्या माणसांची चूक माझ्या चुकीपेक्षा मोठी नव्हती.

शाळा दोन खोल्यांची, शिक्षकही दोनच. बाईंकडे पहिली-दुसरी, माझ्याकडे तिसरी-चौथी येणार होती. मी हजर व्हायला गेले तेव्हा पहिलीची पोरं लिंबाच्या झाडाखाली गोल करून बसली होती आणि मधे बाई मांडी घालून. प्रत्येकापुढं मूठभर चिंचोके. पाटी नाही, पुस्तक नाही. मला वाटलं, मधली सुट्टी आहे.

बाईंनी नाव विचारलं. मी सांगितलं, उमा स्वामी. त्या पोरांकडं वळल्या आणि म्हणाल्या, नव्या मॅडमचं नाव उमा हाय, किती आवाज हाईत बघा. मग मलाच म्हणाल्या, "तुम्ही सांगा आधी."

मी म्हणाले, दोन. उ आणि मा.

पोरं हसली. पुढं बसलेल्या एका मुलीनं तीन चिंचोके एकेक करून पुढं सरकवले. पहिल्याला उ, दुसऱ्याला ओठ मिटून म्, तिसऱ्याला तोंड उघडून आ. मी डोळ्यांनी अक्षरं मोजली होती. त्या पोरांना अजून एकही अक्षर येत नव्हतं, म्हणून त्यांनी कानानं मोजलं होतं. मीही त्यांच्याबरोबर हसले, पण आत कुठंतरी ते मला लागलं. एम.ए. मराठी, आणि स्वतःच्या नावातले आवाज सहा वर्षांच्या पोरीनं सांगायचे.

बाईंचं पूर्ण नाव पंचफुला. तेव्हा त्या चव्वेचाळीसच्या आसपास असतील. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चष्म्याची एक काडी कायम दोऱ्यानं बांधलेली. साडी सुती, पण इस्त्री कडक. नवरा लवकर गेला होता, एकुलती मुलगी नांदेडला नर्सिंग शिकत होती. लोह्यात त्यांच्या घराच्या दोन गल्ल्या पुढं मी खोली घेतली आणि आम्ही रोज एकाच काळ्यापिवळ्या जीपनं शाळेला जाऊ लागलो. सगळे त्यांना वाघमारे मॅडम म्हणत. पोरांनी मात्र बाईच म्हणावं असा त्यांचा हट्ट. का, असं मी विचारलं तर म्हणाल्या की मॅडममधला दुसरा आवाज पोरांच्या तोंडात बसत न्हाई, उगंच कशाला.

वर्गात त्यांच्याकडं माळेगावच्या जत्रेतून आणलेला एक गोल आरसा होता. तो पोरांच्या हातात देऊन त्या प म्हणायला लावायच्या आणि ओठ काय करतात ते बघायला सांगायच्या. मग तळहात तोंडापुढं धरून फ. हवा लागली का? गळ्यावर बोटं ठेवून आधी क, मग ग. कुठं गुणगुणलं? एखादं पोर चुकलं तर "चूक" हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. त्या म्हणायच्या, "परत ऐक." कितीही वेळा, त्याच आवाजात. मी भिंतीपलीकडच्या खोलीत तिसरी-चौथी सांभाळायचे आणि दिवसभरात ते दोन शब्द पन्नासदा कानावर यायचे.

त्यांचा नियम होता की दिवाळीपर्यंत पहिलीच्या पाटीवर अक्षर काढायचं नाही. आधी शब्द ऐकायचा, तोडायचा, परत जोडायचा. तोही पोराच्या घरातला शब्द. पोरगं पानी म्हणालं तर पानी. मी एकदा म्हणाले, पाणी असं शिकवायला हवं ना, ण आहे तिथं. बाई म्हणाल्या, त्याच्या आईच्या तोंडात जे हाय ते आधी तोडू द्या, ण काय पळून चाललाय का. दिवाळीनंतर मात्र त्या झपाट्यानं अक्षरं द्यायच्या आणि होळीपर्यंत पोरं वाचायला लागायची. पुस्तकातलंच असं नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचं, जीपच्या मागचं, काहीही.

हे सगळं त्यांना कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. एकदा जीप रस्त्यात बंद पडली तेव्हा बांधावर बसून त्यांनी सांगितलं. त्या डी.एड.ला असताना त्यांची आई साक्षरता वर्गाला जायची. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपण आणि संध्याकाळी पाटी. सगळी मुळाक्षरं तिला यायची. पण क, म, ल वाचून कमल तयार होत नव्हतं, आणि कमल तर तिच्या सख्ख्या बहिणीचं नाव. आई म्हणायची, "अक्षरं वळखू येतात गं मला. पर ती एकमेकांशी बोलत न्हाईत." बाईंनी मग पाटी बाजूला ठेवली. आई, लोहा म्हण. हळू म्हण. तोंडात पहिलं काय येऊन राहिलं ते सांग. पंधरा-वीस दिवस असं चाललं. मग एक दिवस नांदेडच्या स्टँडवर आई गाडीत चढेचना. गाडीवरच्या पाटीपुढं उभी. कंडक्टर हाका मारून राहिला आणि ही पाटीवरचं लोहा वाचून हसून राहिली. बाई हे सांगताना स्वतःही हसल्या. मग म्हणाल्या की आईला अक्षरं शिकवणाऱ्यांचं चुकलं न्हाई, त्यांनी फक्त मधली पायरी खाल्ली.

पहिलीतली नसरीन एकदा माझ्याकडं आली. दिवाळीनंतरचे दिवस होते, पाटीवर घर लिहिलेलं. म्हणाली, "मॅडम, पाटीवर र पुरा काढतात. तोंडात तर अर्धाच हाय." मी घर म्हणून बघितलं. खरंच, शेवटच्या र नंतर अ नव्हताच. इतकी वर्षं घरात राहून मला ते ऐकू आलं नव्हतं. मी तिला म्हणाले, तसंच लिहितात, जा बस. ती बाईंकडं गेली. बाईंनी सांगितलं की लिहायची रीत तशी पडली बघ, तुझा कान बरोबर हाय. ती उड्या मारत जागेवर गेली.

मला हे सगळं माहीत होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. दोन वर्षं बाईंच्या हाताखालची पोरं माझ्या तिसरीत आली आणि पहिल्या आठवड्यापासून खाडखाड वाचत होती. केंद्रप्रमुखांनी माझ्या वर्गाचं कौतुक केलं तेव्हा मी मान खाली घालून ते घेतलं. पलीकडच्या खोलीकडं बोट दाखवलं नाही.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये शीतल राठोड पहिलीत आली. गावाबाहेरच्या तांड्यावरची. घरात बंजारा बोली, त्यामुळं शाळेतली मराठी तिला परकी. जून, जुलै, ऑगस्ट ती एक अक्षर बोलली नाही. हजेरीलाही नुसता हात वर. मी बाईंना म्हणाले, कानाचं काही असेल, तपासून घ्या. बाई म्हणाल्या, कान चांगलेत, तिला ऐकण्यासारखं आपण काही बोलत न्हाई. मग त्या रविवारी तांड्यावर जाऊन बसू लागल्या. तिथल्या बायकांकडून शब्द आणले. सप्टेंबरात एक दिवस त्यांनी शीतलसमोर चिंचोके ठेवले आणि म्हणाल्या, याडी. तांड्यावर आईला याडी म्हणतात. पोरीनं वर बघितलं. मग एकेक करत तिनं चार चिंचोके सरकवले आणि प्रत्येकाला हळूच आवाज दिला. बाईंनी मला खिडकीतून खुणेनं बोलावलं होतं. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर ती पोरगी रोज घरून एक शब्द आणायची आणि बाईंच्या पदराला धरून तो तोडून दाखवायची. दिवाळीनंतर अक्षरं मिळणार म्हणून नवी पाटी आणली होती तिनं.

त्याच वर्षी गावात इंग्रजी शाळेची पिवळी बस यायला लागली. चार-पाच घरची पोरं टाय लावून जायची आणि संध्याकाळी ओट्यावर ए बी सी डी लिहून दाखवायची. शाळा समितीच्या अध्यक्षांचा नातू आमच्या पहिलीत होता. अध्यक्ष माणूस वाईट नव्हते. ते मला एकदा म्हणाले की शेजारचं पोरगं पानभर लिहितंय आणि माझा नातू चिंचोके खेळून राहिलाय, मी लोकांना काय सांगू? मी त्यांना सांगू शकले असते. होळीपर्यंत थांबा, एवढं तरी. मी म्हणाले, बाईंची पद्धत वेगळी आहे, मला त्यातलं फारसं कळत नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंविरुद्ध अर्ज गेला. सात सह्या. अर्जात कुठं जात लिहिलेली नव्हती. पण आमच्या आधीचे एक गुरुजी वर्षभर वर्गात पेपर वाचत बसायचे, त्यांच्यावर गावानं कधी अर्ज केला नव्हता. ते अध्यक्षांच्या भावकीतले होते.

सुट्टी संपताच केंद्रप्रमुख चौकशीला आले. पहिलीच्या पोरांना उभं करून क काढायला सांगितला. कुणालाच आला नाही. बाईंनी मार्चपर्यंतची मुदत मागितली आणि माझ्याकडून तिसरी-चौथीत गेलेली पोरं बोलवा म्हणाल्या. साहेब म्हणाले, ती स्वामी मॅडमच्या वर्गातली आहेत. मग त्यांनी मला ऑफिसच्या टेबलाशी बसवलं आणि सहशिक्षिका म्हणून जबाब लिहायला सांगितला. माझा आंतरजिल्हा बदलीचा अर्ज तेव्हा पंचायत समितीत पडलेला होता. मला निलंगा हवं होतं. आई आजारी होती, लग्नाचं बोलणं चालू होतं. साहेब धमकीबिमकी काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की तुमच्या ना-हरकतीचं माझ्या लक्षात आहे, तुम्ही फक्त बघितलंय तेवढं लिहा.

मी लिहिलं, "इयत्ता पहिलीच्या वर्गात लेखन व वाचन सुरू असल्याचे मी या वर्षात पाहिलेले नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच तो मला लिहिता आला.

पंधरा दिवसांत बाईंची बदली बिलोली तालुक्यात, पार तेलंगणाच्या सीमेजवळच्या गावी झाली. आदेशासोबत चौकशीची नक्कल होती. त्या दिवशी जीपमध्ये त्यांनी ती पूर्ण वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. मी खिडकीबाहेर बघत होते. लोहा आलं तेव्हा उतरताना म्हणाल्या, "तुमचं अक्षर लई चांगलंय, उमाताई." ते टोचून म्हणाल्या की सहज, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. त्यांच्या आवाजात काहीच फरक नव्हता.

त्यांची जागा दीड वर्ष भरली नाही. चारही वर्ग माझ्याकडं आले. पहिल्या दिवशी पोरांनी कपाटातून चिंचोक्यांचा डबा काढून आणला. मी तो परत ठेवायला लावला. हे आता बंद, म्हणाले. मला ते चालू ठेवता आलं असतं. दोन वर्षं भिंतीआडून मी सगळं ऐकलं होतं, पायरी न् पायरी माहीत होती. पण ते चालू ठेवलं असतं तर माझा जबाब काय होता, हे गावाला आणि मलाही रोज दिसलं असतं. मी फळ्यावर क काढला आणि दहा वेळा लिहायला सांगितलं.

बाकीची पोरं रखडत का होईना, वाचायला लागली. त्यांच्या घरात मराठी होती. शीतल परत गप्प झाली. पण पोरगी हुशार. तिनं वाट काढली. बाराखडी पाठ केली, कविता पाठ केल्या, धडेच्या धडे पाठ केले. चौथीत एकदा मी तिला उभं करून वाचायला लावलं. पुस्तकावरून बोट फिरवत ती सुरात वाचत होती, एकही शब्द अडला नाही. मी जवळ गेले. तिच्या हातातलं पुस्तक आठव्या धड्यावर उघडं होतं आणि ती म्हणत होती सहावा.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवून बस म्हणाले. वर्षाच्या शेवटी प्रगतिपत्रकात वाचनापुढं "समाधानकारक" लिहिलं आणि तिला पाचवीला पाठवलं. पाचवी शेजारच्या गावात होती. तिथं ती दोन महिने टिकली. मग घरी बसली. मला शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी सांगितलं. त्याच वर्षी माझी निलंग्याला बदली झाली.

पुढं दिवस बदलले. वरूनच पत्रकं यायला लागली की पहिलीला आधी आवाजांची ओळख द्या, शब्द तोडायला शिकवा, मुलांच्या घरच्या भाषेतून सुरुवात करा. छापील पुस्तिकेत त्याला ध्वनिजाणीव असं भारी नाव होतं. आमच्या तालुक्यात ते कुणालाच नीट जमेना. मला जमलं. निलंग्याच्या शाळेत मी चिंचोके आणले, आरसा आणला, आणि माझी पहिली होळीपर्यंत वाचायला लागली. साहेब बघायला आले, व्हिडिओ काढून घेऊन गेले. मी तालुक्याची मार्गदर्शक झाले, मग जिल्ह्याची. हे कुठून शिकलात असं लोक विचारायचे. मी म्हणायचे, अनुभवातून.

बाईंच्या बदलीला सहा वर्षं झाली असतील, तेव्हा लातूरला मोठं प्रशिक्षण होतं. शेजारच्या जिल्ह्यातलेही शिक्षक आले होते. माईक हातात घेऊन मी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला, घर या शब्दात किती आवाज? सगळे म्हणाले, दोन. मी हसले, आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेत मला दोऱ्यानं बांधलेला चष्मा दिसला. बाई वहीत लिहून घेत होत्या. सगळ्या शिक्षकांसारखं, मी सांगत होते ते.

तेव्हा थांबायला हवं होतं. हे मी ज्यांच्याकडून शिकले त्या इथं बसल्यात, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? दीडशे माणसं होती. माझ्या तोंडून पुढचं वाक्य निघालं, मग त्याच्या पुढचं, आणि दोन तास संपले.

चहाच्या वेळी त्या स्वतःच माझ्याकडं आल्या. केस बरेच पिकले होते. म्हणाल्या, छान सांगितलंत, मागच्या माणसालाबी कळंल असं. मग जरा जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या की फक्त एक बघा, पोरगं चुकलं की तुम्ही व्हिडिओत "चूक" म्हणालात, तेवढं काढा. मी मान हलवली. माफी मागायला मी तोंड उघडलं. पण त्यांनी मधेच विचारलं, "आपली शीतल? वाचती का आता?"

"हो," मी म्हणाले. "छान वाचते. सातवीला असेल."

बाईंनी कप टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, तिचाच घोर होता मला, तोंड नुकतंच उघडलं हुतं बघा तिचं. मग त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. दुसऱ्या सत्राची घंटा झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर सहा वर्षं आमची भेट नाही. दिवाळीला त्यांचा एक मेसेज यायचा, मी हात जोडलेलं चित्र पाठवायचे. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. निवृत्तीचा कार्यक्रम होता, बिलोलीकडच्या त्यांच्या शाळेत. आलात तर बरं वाटंल, म्हणाल्या. मी जाणार नव्हते. आदल्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याला सांगून टाकलं की जाते, आणि सकाळची पहिली गाडी धरली.

कार्यक्रम वर्गातच होता. पन्नास-साठ माणसं, बरीचशी तेलुगू बोलणारी. बाईंनी त्यांची भाषाही शिकून घेतली होती, कारण पोरांचे शब्द तिकडचे. एकदोन मोठे झालेले विद्यार्थी बोलले. मग बाई उठल्या. भाषण त्यांना येत नव्हतं. सगळ्यांचे आभार मानले, आणि एकदम माझ्याकडं हात करून म्हणाल्या, "ह्या उमाताई. माझ्या लोह्याच्या शाळेतल्या. माझी बदली झाली तवा माझी एक पोरगी अर्धी राहिली हुती. ह्यांनी तिला वाचायला शिकवलं. मी नसले तरी काम थांबलं न्हाई, ते ह्यांच्यामुळं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांनी मला पुढं बोलावून गुच्छ दिला. मी तो घेतला. फोटोही निघाला. त्या फोटोत मी हसतेय.

जेवणं झाली, माणसं पांगली. बाई वर्गाच्या व्हरांड्यात बसून भेटवस्तू पिशवीत भरत होत्या. मी समोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. जबाब त्यांना माहीत होता, तरी तो का लिहिला ते सांगितलं. डबा कपाटात ठेवल्याचं सांगितलं. आठवा धडा आणि सहावा धडा सांगितला. लातूरला खोटं बोलले तेही सांगितलं. त्यांनी मला मधे अडवलं नाही. माझं संपल्यावर विचारलं, ती कुठं हाय आता. मला माहीत नव्हतं.

बाईंनी हातातली पिशवी बाजूला ठेवली.

"जबाबाचं सोडा," त्या म्हणाल्या. "तुम्ही न्हाई लिहिला असता तर दुसऱ्या कुणी लिहिला असता. लातूरला माझं नाव घेतलं न्हाई, तेबी सोडा. पण तुम्ही वाचती म्हणालात, उमाताई. त्या शब्दावर मी सहा वर्षं निवांत राहिले. न्हाईतर मी गेले असते. रजा टाकून गेले असते."

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या नुसत्या हिशेब बघितल्यासारख्या शांत बोलल्या, तेराव्या वर्षी गाठली असती, आता एकोणिसाची असंल. मग पिशवी उचलून म्हणाल्या, पत्ता काढा.

मावशींना फोन करून, तांड्यावरच्या दोघातिघांना गाठून मी तीन आठवड्यांत पत्ता काढला. शीतलचं लग्न झालं होतं, अहमदपूरच्या बाजूला एका तांड्यावर. नवरा ट्रॅक्टर चालवायचा. मी निलंग्याहून आणि बाई नांदेडहून, मुलीच्या घरून, अशा अहमदपूरच्या स्टँडवर भेटलो आणि रिक्षा करून तांड्यावर गेलो.

शीतल दारात तांदूळ निवडत होती. मला बघताच तिनं ओळखलं. सूप खाली ठेवलं, पदर सावरला आणि ताठ उभी राहिली. वर्गात कुणी साहेब आले की पोरं राहतात, तशी. "नमस्ते, मॅडम," म्हणाली. बाईंकडं तिनं पाहिलं, पण ओळख पटली नाही. कशी पटणार, सहा वर्षांची असताना पाच महिने बघितलेलं माणूस. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कशी आहेस. ती पटकन म्हणाली, "मॅडम, मला कविता येतात अजून." आणि तिथंच दारात, सासूसमोर, हात मागं बांधून म्हणायला लागली.

दोन ओळी झाल्या असतील. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. राहू दे बाळा, म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा. तुम्ही समोर असलात की ती पाठच म्हणंल."

मी बाहेरच्या बाजेवर बसले. सासूनं पाणी दिलं. आत दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या, दारातून बाईंची पाठ तेवढी दिसत होती. तासभर गेला. बोलण्याचा आवाज फक्त बाईंचा, तोही तुटक. बंजारा बोलीतले शब्द होते, बारा वर्षांपूर्वी तांड्यावरून गोळा केलेले. शीतलचा आवाज मी कान देऊन ऐकत होते. तो आला नाही.

बाई बाहेर आल्या, चप्पल घातली. शीतल दारापर्यंत आली नाही. फाट्यापर्यंत आम्ही चालत गेलो. मी विचारलं, बोलली का काही. न्हाई, म्हणाल्या, आज कशी बोलंल, पण उठून गेली न्हाई ती. दर बुधवारी यायचं त्यांनी ठरवलं होतं. शीतलच्या नवऱ्याला आधीच फोनवर विचारलं होतं, तो हो म्हणाला होता.

मी म्हणाले, बुधवारी मी पण येते. रजा काढते.

बाई थांबल्या. मला वाटलं, हो म्हणतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, हे मला शपथेवर सांगता येईल.

"नका येऊ, ताई," त्या म्हणाल्या.

मग नांदेडची गाडी आली. बाईंनी हात दाखवला, दांड्याला धरून सावकाश चढल्या. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. गाडी हलली तेव्हा मी हात वर केला. त्यांना खिडकीशी जागा मिळाली होती, पण त्या बाहेर बघत नव्हत्या. शेजारच्या बाईचं लहान मूल त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्याशी काहीतरी बोलत होत्या.